मराठी आवाजासाठी एमएलएसए फिल्टर : आसन्नतेची अचूकता कशी मोजावी आणि कशी राखावी

परभणीला आमच्या घरी आत्या राहते. काही वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, आणि रोजचे वर्तमानपत्र तिला वाचून दाखवणारा एक मराठी आवाज घरच्या जुन्या संगणकावर तयार करावा असे मी ठरवले. आवाज तयार झाला, वाक्ये समजू लागली, पण काही शब्दांवर तो चिरकत असे. आत्याने पहिल्याच दिवशी नेमके बोट ठेवले : "हे 'आ' म्हणताना लई चरचर करायलंय रे." त्या चरचरीचे कारण शोधण्यात माझे दोन महिने गेले. मी मायक्रोफोन बदलला, ध्वनिमुद्रण पुन्हा केले, उच्चारकोश तपासला. मुख्य दोष या तिन्हींत नव्हता. आवाज घडवणारा एमएलएसए नावाचा फिल्टर ज्या आसन्न, म्हणजे खऱ्या किमतीच्या जवळपास जाणाऱ्या, सूत्रावर चालतो त्या सूत्राची एक हद्द असते, आणि माझ्या काही फ्रेम, म्हणजे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे, ती हद्द ओलांडत होत्या. ही हद्द एका आकड्यात मोजता येते आणि ते मोजायला पायथनच्या दहाबारा ओळी पुरतात. हे काम नव्याने हाती घेणाऱ्याचे दोन महिने वाचावेत म्हणून मी पुढचा क्रम लिहीत आहे. डिजिटल फिल्टरची आणि फूरिए रूपांतराची अभियांत्रिकीच्या दुसऱ्यातिसऱ्या वर्षाइतकी ओळख तुम्हाला आहे असे मी धरले आहे.

लागणारी साधने

• एकाच व्यक्तीच्या आवाजातील, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपातील ध्वनिमुद्रणे. स्वतः मुद्रण करणार असाल तर ४८ किलोहर्ट्झवर करा आणि काम करताना १६ किलोहर्ट्झवर आणा.
• एसपीटीके हा आवाजावर प्रक्रिया करण्याचा मुक्त साधनसंच, किंवा पायथनमधून तोच वापरता यावा यासाठीचे पायएसपीटीके.
• पायथन आणि नमपाय. आकडे तपासण्याचे सगळे काम यातच होते.
• ऑडॅसिटी किंवा वर्णपट दाखवणारे दुसरे कोणतेही साधन.
• कानावर पूर्ण बसणारा हेडफोन. संगणकाच्या लहान स्पीकरवर मंद्र सप्तकातील दोष ऐकूच येत नाहीत.
• एक वही. प्रत्येक चाचणीचे सहगुणक आणि निकाल तिच्यात तारखेसह लिहा.

१. फिल्टर नेमके काय करतो ते आधी समजून घ्या

आपण बोलतो तेव्हा घशातून स्पंदनांची माळ किंवा नुसता श्वासाचा खळखळाट निघतो, आणि तोंडाची व नाकाची पोकळी त्याला आकार देते. यंत्रातही हेच दोन भाग असतात. घोष वर्णांसाठी ठरावीक अंतराने येणारे इम्पल्स आणि अघोष वर्णांसाठी यादृच्छिक गोंगाट हे उद्दीपन होय; मुखपोकळीचे काम फिल्टर करतो. या फिल्टरचा आकार मेल-केप्स्ट्रम या सहगुणकांच्या यादीत साठवलेला असतो. केप्स्ट्रम म्हणजे वर्णपटाच्या लॉगरिदमचे वर्णन, म्हणून खरा फिल्टर मिळवण्यासाठी त्या वर्णनाला घातांकी फल लावावे लागते : फिल्टर = घातांकी(एफ), आणि एफ म्हणजे सहगुणकांनी बनलेली साधी बेरीज.

अडचण इथेच आहे. घातांकी फल हे बेरीज, गुणाकार आणि विलंब एवढ्याच घटकांतून तंतोतंत बांधता येत नाही, त्यामुळे त्याच्या जागी अंश आणि छेद असलेले परिमेय फल वापरावे लागते. सातोशी इमाई यांनी १९८३ साली मेल मापनावरील, म्हणजे कानाला वारंवारता जशी जाणवते त्या मापनावरील, केप्स्ट्रमसाठी जो फिल्टर मांडला, तो मेल-लॉग-स्पेक्ट्रम-अप्रॉक्सिमेशन या नावाच्या आद्याक्षरांवरून एमएलएसए म्हणून ओळखला जातो. 'अप्रॉक्सिमेशन' म्हणजे आसन्नता हा शब्द त्याच्या नावातच आहे, आणि नवशिक्याचे लक्ष नेमके त्याच शब्दाकडे जात नाही.

आज आवाज बनवण्यासाठी न्यूरल पद्धती सर्रास वापरल्या जातात हे खरे आहे. तरीही ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकावर, इंटरनेट नसताना, लगेच बोलणारा आवाज हवा असेल तर हा फिल्टर अजूनही उपयोगी आहे. १६ किलोहर्ट्झवर, २४ व्या क्रमाच्या मेल-केप्स्ट्रमसाठी आणि चौथ्या क्रमाच्या आसन्न सूत्रासाठी त्याला सेकंदाला साधारण ३० लाख गुणाकार पुरतात. दुसरे असे की केप्स्ट्रम शिखरे आणि दऱ्या दोन्ही सारख्याच सहजतेने दाखवतो. नुसत्या ध्रुवांवर (पोलवर) चालणाऱ्या एलपीसी (लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग) पद्धतीला अनुनासिकांच्या दऱ्या नीट जमत नाहीत, आणि 'ण', 'न', 'म' यांवाचून मराठीचे एक वाक्य पुढे सरकत नाही.

२. ध्वनिमुद्रणातील खोट्या दऱ्या आणि खोटी शिखरे काढून टाका

एफची किंमत फुगते ती वर्णपटातल्या अतिउंच शिखरांमुळे किंवा अतिखोल दऱ्यांमुळे. त्यातली कित्येक आवाजातली नसतातच, ती मुद्रणातून येतात. तीन गोष्टी आवर्जून तपासा.

पहिली गोष्ट विजेची गुणगुण. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि अर्थिंग नीट नसलेल्या घरात ती मुद्रणात उतरते. साधारण ७० हर्ट्झच्या खालचा भाग गाळून टाका. मी लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर मुद्रण केले आणि गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. मे महिन्यात पंखा बंद करून बसणे परभणीत शक्य नाही, म्हणून मुद्रण पहाटे पाच ते सात या वेळात केले, आणि खोलीचा घुमारा मारण्यासाठी तिन्ही भिंतींना घरातल्या गोधड्या टांगल्या. जाड, अनेक थरांची गोधडी हे काम चांगले करते.

दुसरी गोष्ट दाबलेल्या फाइली. मोबाइलवरच्या संदेशातून आलेला आवाज ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये बदलला तरी त्याच्या वरच्या वारंवारता परत येत नाहीत. तिथे एक रिकामी, खोल दरी राहते, मेल-केप्स्ट्रम ती दरी इमाने इतबारे नोंदवतो, आणि एफ फुगतो. वर्णपट उघडून पाहा. एका रेषेच्या वर सगळे काळे दिसत असेल तर ती फाइल बाजूला ठेवा.

तिसरी गोष्ट निखळ शांतता. संपादन करताना दोन वाक्यांमध्ये शून्य मूल्यांचे तुकडे घातले असतील तर त्यांचा लॉगरिदम काढताच गणित कोसळते. अशा ठिकाणी अगदी क्षीण गोंगाट मिसळा, किंवा विश्लेषणाच्या वेळी वर्णपटात एक लहान स्थिरांक मिळवा.

३. मेल-केप्स्ट्रम काढताना अल्फा सॅम्पल दराला जुळवा

मानवी कान खालच्या वारंवारता बारकाईने आणि वरच्या ढोबळपणे ऐकतो. फिल्टरचा वारंवारता-अक्ष तसाच वाकवण्यासाठी ऑल-पास घटक वापरतात आणि त्याचा वाक अल्फा या संख्येने ठरतो. मेल मापनाच्या जवळ जाणाऱ्या रूढ किमती अशा आहेत : ८ किलोहर्ट्झला ०.३१, १० किलोहर्ट्झला ०.३५, १६ किलोहर्ट्झला ०.४२ आणि ४८ किलोहर्ट्झला ०.५५. १६ किलोहर्ट्झवर क्रम २४ ठेवा, म्हणजे शून्यावा धरून २५ सहगुणक होतात, आणि दर ५ मिलिसेकंदांना, म्हणजे ८० सॅम्पलना, एक फ्रेम घ्या.

इथली ठरलेली चूक अशी की विश्लेषण एका अल्फाने होते आणि संश्लेषण दुसऱ्या. आवाज तरीही निघतो, पण बाईचा आवाज लहान मुलासारखा किंवा पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो, आणि आपण पिचच्या मागे लागतो. अल्फा प्रत्येक फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

४. सहगुणक फिल्टरच्या रूपात बदलून घ्या

मेल-केप्स्ट्रमचे सहगुणक जसेच्या तसे फिल्टरमध्ये घालता येत नाहीत. ऑल-पास घटकात विलंब न लागता सरळ पुढे जाणारा एक रस्ता असतो; छेदातील पुनर्भरणात तो आला की आताचे उत्तर काढण्यासाठी आताचेच उत्तर लागते, असे विलंबरहित चक्र तयार होते. त्यावरचा उपाय म्हणजे सहगुणकांचे सोपे रूपांतर. मेल-केप्स्ट्रमला म आणि फिल्टरच्या सहगुणकांना ब म्हणू. सर्वांत वरचा ब हा वरच्या म इतकाच ठेवायचा, आणि मग वरून खाली येत प्रत्येक पायरीला ब(न) = म(न) − अल्फा × ब(न+१) असे करायचे.

एक लहान उदाहरण हाताने करून पाहा. अल्फा ०.४२ आणि म = ५.०, १.८, ०.६, ०.३ असे चारच सहगुणक घ्या.

ब(३) = ०.३
ब(२) = ०.६ − ०.४२ × ०.३ = ०.४७४
ब(१) = १.८ − ०.४२ × ०.४७४ = १.६००९२
ब(०) = ५.० − ०.४२ × १.६००९२ = ४.३२७६

ब(०) हा फिल्टरचा नुसता मोठेपणा ठरवतो. त्याचे घातांकी मूल्य, इथे सुमारे ७५.८, उद्दीपनाला आधीच गुणून घ्यायचे आणि ब(०) ला एफमधून पूर्णपणे वगळायचे. त्याला आसन्न सूत्रात शिरू दिले तर साधा मोठा आवाजसुद्धा हद्दीबाहेर जाईल.

५. प्रत्येक फ्रेमसाठी एफचे केवल मूल्य मोजा

सगळ्या लेखात ही पायरी सर्वांत मोलाची आहे. मी ती दोन महिने केली नव्हती.

एफ ही प्रत्येक वारंवारतेला एक संमिश्र संख्या असते. तिच्या केवल मूल्याचा त्या फ्रेममधील कमाल आकडा आपल्याला हवा आहे. सुदैवाने ऑल-पास घटक एकक वर्तुळाला एकक वर्तुळावरच नेतो, त्यामुळे अक्ष वाकला तरी एफ ज्या किमती घेतो त्या बदलत नाहीत, त्यांच्या जागा तेवढ्या सरकतात. म्हणून कमाल शोधण्यासाठी वाकलेल्या अक्षाचा विचारही करावा लागत नाही : म ची यादी घ्या, शेवटी शून्ये भरून ती ५१२ लांबीची करा, फूरिए रूपांतर काढा आणि केवल मूल्यांतील सर्वांत मोठे पाहा.

फक्त एक सापळा टाळा. यादीतील पहिल्या जागी शून्य ठेवू नका. आपण म(०) वगळलेला नाही, ब(०) वगळला आहे. म्हणून त्या जागी दोघांचा फरक, म्हणजे अल्फा × ब(१), ठेवायचा. वरच्या उदाहरणात तो ०.६७२ आहे. शून्य वारंवारतेला एफ = ०.६७२ + १.८ + ०.६ + ०.३ = ३.३७२ येतो, पहिल्या जागी शून्य ठेवले असते तर २.७ आला असता; अशा फरकाने हद्दीबाहेरची फ्रेमही निर्धोक वाटू शकते. पडताळा हवा असेल तर ब च्या बाजूनेही करता येतो : शून्य वारंवारतेला प्रत्येक पायाभूत घटकाची किंमत १ + अल्फा, म्हणजे १.४२ असते, आणि (१.६००९२ + ०.४७४ + ०.३) × १.४२ हेही ३.३७२ च भरते.

हे आकडे नेपर या एककात आहेत आणि १ नेपर म्हणजे ८.६८६ डेसिबल. आसन्न सूत्राची हद्द त्याच्या क्रमानुसार ४.५ किंवा ६ असते, ती का हे पुढच्या पायरीत येईल. ४.५ ची हद्द म्हणजे सरासरीच्या वर आणि खाली सुमारे ३९ डेसिबल, ६ ची हद्द म्हणजे सुमारे ५२ डेसिबल. मात्र आपण केवल मूल्य मोजतो आहोत, त्यात कल्पित भागही येतो, म्हणून नुसता डेसिबलचा आलेख पाहून फ्रेम निर्धोक ठरवू नका.

सगळ्या फ्रेमचे कमाल आकडे काढले की ते चढत्या क्रमाने लावा आणि सर्वांत वरच्या वीस फ्रेम कोणत्या वर्णावर पडतात ते पाहा. माझ्याकडे त्या बहुतेक सगळ्या दीर्घ 'आ' वर होत्या आणि सर्वांत मोठा आकडा ६.८ होता. आत्याचा कान बरोबर होता.

६. आसन्न सूत्र समजून निवडा

घातांकी फलासाठी पहिल्यांदा आठवते ती टेलर श्रेणी. ती इथे का चालत नाही हे एकदा आकड्यांत पाहावे. एफ = −४.५ असेल तर खरी किंमत ०.०१११ आहे. चौथ्या घातापर्यंतची टेलर श्रेणी मांडली तर १ − ४.५ + १०.१२५ − १५.१८७५ + १७.०८५९ = ८.५२३४ येते. फरक ५७ डेसिबलहून अधिक आहे; जिथे खोल दरी हवी तिथे टेकडी उभी राहते. याच ठिकाणी पाव डेसिबलच्या आत यायचे तर श्रेणी सोळाव्या घातापर्यंत न्यावी लागते.

फ्रेंच गणिती आन्री पादे यांनी १८९२ सालच्या आपल्या प्रबंधात ज्या परिमेय आसन्न सूत्रांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, ती इथे उपयोगी पडतात. घातांकी फलासाठी अंश आणि छेद यांचे सहगुणक तेच असतात, छेदात फक्त विषम घातांची चिन्हे उलटतात. त्यामुळे एफचे चिन्ह बदलले की सूत्राची किंमत नेमकी व्यस्त होते, म्हणजे शिखर जितके अचूक तितकीच दरी अचूक. आणखी एक गुण असा की एफ पूर्णपणे कल्पित असेल तेव्हा सूत्राचे केवल मूल्य बरोबर १ येते, खऱ्या घातांकी फलासारखेच. तिथे चूक राहिली तर ती केवळ कलेत (फेजमध्ये) राहते.

चौथ्या क्रमाच्या मूळ पादे सूत्राचे सहगुणक १/२, ३/२८, १/८४ आणि १/१६८० आहेत. हे सूत्र शून्याजवळ फारच अचूक असते, पण दूर जाताच चूक वेगाने वाढते. आपल्याला शून्याजवळ एवढ्या अचूकतेची गरज नसते; पूर्ण हद्दीत चूक मर्यादेत राहिली की काम भागते. म्हणून एमएलएसए फिल्टरमध्ये थोडे सुधारलेले सहगुणक वापरतात. ते असे :

चौथा क्रम : ०.४९९९२७३, ०.१०६७००५, ०.०११७०२२१, ०.०००५६५६२७९
पाचवा क्रम : ०.४९९९३९१, ०.११०७०९८, ०.०१३६९९८४, ०.०००९५६४८५३, ०.००००३०४१७२१

हे आकडे मी कॅल्क्युलेटरवर स्वतः पडताळून पाहिले, तुम्हीही पाहावेत. एफ = ४.५ ला मूळ चौथ्या क्रमाची चूक ०.४४ डेसिबल येते आणि सुधारितची ०.२४. एफ = ६ ला मूळ पाचव्या क्रमाची चूक ०.७३ डेसिबल, सुधारितची ०.२७. कानाला जेमतेम जाणवणारा फरक सुमारे १ डेसिबल असतो, म्हणून चौथ्या क्रमाची हद्द ४.५ आणि पाचव्याची ६ धरतात.

हद्द ओलांडल्यावर काय होते ते नवशिक्याने नीट लक्षात ठेवावे, कारण दोष दोन टप्प्यांत येतो आणि दोन्ही वेगळे ऐकू येतात. सुधारित चौथ्या क्रमात एफ ५.४ झाला की शिखर १.७ डेसिबलने बसते, ६ झाला की ४.७ डेसिबलने. या टप्प्यात आवाज फाटत नाही, तो मळकट होतो. 'आ' आणि 'ए' यांतील धार जाते. त्यापुढे प्रश्न स्थिरतेचा येतो. मूळ चौथ्या क्रमाच्या छेदाची शून्ये मूळबिंदूपासून ६.०५ आणि ६.७८ अंतरावर आहेत, पाचव्याचे सर्वांत जवळचे शून्य ७.२९ वर आहे, आणि सुधारित सूत्रांची हद्दही त्याच परिसरात आहे. एफचे केवल मूल्य या अंतराच्या आत असेल तोवर फिल्टर स्थिर राहण्याची खात्री देता येते; बाहेर गेले की ती खात्री संपते आणि मग ऐकू येते ती चरचर. म्हणजे चरचर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी अचूकता गेलेली असते.

७. हद्दीबाहेरच्या फ्रेम आत आणा

पुढचे उपाय मी सुचवतो त्याच क्रमाने करावेत.

अ) दुसऱ्या पायरीकडे परत जा. मुद्रणातला दोष फिल्टरच्या क्रमाने झाकू नका.

आ) पोस्ट-फिल्टर तपासा. संश्लेषित आवाजाचा मळकटपणा घालवण्यासाठी वर्णपटाची शिखरे मुद्दाम उंचावण्याची पद्धत आहे. ती उपयोगी आहे, पण तिच्यामुळे एफ वाढतो, आणि लोक मोजणी पोस्ट-फिल्टरच्या आधी करतात. मीही तेच केले होते. मोजणी नेहमी अशा सहगुणकांवर करा जे प्रत्यक्ष फिल्टरमध्ये जाणार आहेत.

इ) एफचे दोन भाग करा. मोठा वाटा बहुधा ब(१) चा असतो, कारण वर्णपटाचा एकंदर उतार त्यात असतो. ब(१) चे पद वेगळे आणि उरलेली पदे वेगळी काढून दोन फिल्टर एकापाठोपाठ लावले की प्रत्येकाचा एफ लहान होतो. आपल्या उदाहरणात ३.३७२ चे २.२७३ आणि १.०९९ असे दोन भाग पडतात. एसपीटीकेमधील एमएलएसए फिल्टर हे आतल्या आत करतोच, मात्र तुम्ही स्वतः फिल्टर लिहीत असाल तर ही पायरी गाळू नका, आणि मोजणीही दोन्ही भागांची स्वतंत्र करा.

ई) चौथ्याऐवजी पाचवा क्रम घ्या. खर्च सुमारे चतुर्थांशाने वाढतो.

उ) एवढ्यावरही भागले नाही तर एफ निम्मा करून तोच फिल्टर दोनदा लावा. खर्च दुप्पट होतो, पण अचूकतेतला लाभ मोठा आहे : मूळ चौथ्या क्रमात एफ ४.५ ऐवजी २.२५ झाला की एका फेरीची चूक ०.४४ डेसिबलवरून सुमारे ०.०००६ वर येते, दोन फेऱ्या मिळून ०.००१२.

एक गोष्ट करू नये असे माझे ठाम मत आहे : हद्दीबाहेरच्या फ्रेमचे सगळे सहगुणक एका संख्येने दाबून बसवणे. चरचर थांबते, पण त्या एका फ्रेममध्ये स्वराचा आकार सपाट होतो आणि शेजारच्या फ्रेमशी जुळत नाही, त्यामुळे शब्द मध्येच दचकल्यासारखा येतो.

८. इम्पल्स देऊन प्रत्यक्ष चूक मोजा

सूत्र कागदावर बरोबर असले तरी तुमची लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी एका फ्रेमचे सहगुणक गोठवून ठेवा, फिल्टरला एकच इम्पल्स द्या, बाहेर येणारी ४०९६ सॅम्पल गोळा करा आणि त्यांचे फूरिए रूपांतर काढून केवल मूल्य डेसिबलमध्ये मांडा. दुसरीकडे त्याच ब सहगुणकांवरून एफचा वास्तव भाग थेट काढा आणि ८.६८६ ने गुणा. दोन आलेखांतील कमाल अंतर ही तुमच्या फिल्टरची खरी चूक होय.

दोन्ही आलेख एकाच अक्षावर आहेत याची खात्री करा. पाचव्या पायरीत आपण वाकलेल्या अक्षावरच्या किमती घेतल्या होत्या, तिथे फक्त कमाल हवा होता म्हणून ते चालले. इथे जागाही जुळायला हवी, म्हणून प्रत्येक साध्या वारंवारतेला पायाभूत घटकांची किंमत काढूनच एफ मांडा. हे विसरल्यास २० डेसिबलचीही चूक दिसते आणि चांगला फिल्टर मोडीत निघतो. अंतर सगळीकडे सारखेच, म्हणजे आलेख नुसता वरखाली सरकलेला दिसला, तर ब(०) दोनदा लागला आहे किंवा लागलाच नाही असे समजा.

ही चाचणी किमान पाच फ्रेमवर करा : 'आ', 'ई', 'ण', 'स' आणि शांतता.

९. लहान यंत्रावर नेणार असाल तर सहगुणकांचे पूर्णांकन पाहा

संगणकावर दशांश-चल (फ्लोटिंग-पॉइंट) गणित असल्याने ही अडचण येत नाही. मात्र १६ बिटांच्या पूर्णांक गणितावर चालणाऱ्या स्वस्त चिपवर फिल्टर बसवायचा असेल तर थांबून पाहा. अशा गणितात सर्वांत लहान पायरी १/३२७६८ असते. चौथ्या क्रमाचा शेवटचा सहगुणक ०.०००५६५६२७९ हा अशा १८.५३ पायऱ्यांचा होतो आणि १९ वर बसवावा लागतो. चूक अडीच टक्क्यांची, तीही सर्वांत लहान सहगुणकातली, म्हणून दुर्लक्ष करावेसे वाटते. पण एफ = ४.५ ला छेदाची किंमत अवघी ०.०७७ असते, २.२५, २.१६, १.०७ अशा मोठ्या संख्या एकमेकींतून वजा होऊन ती उरलेली असते. त्या एका बदलाने छेद ०.०८२ होतो आणि आसन्नतेची चूक ०.२४ वरून ०.८७ डेसिबलवर जाते.

उपाय सोपा आहे. सहगुणक वेगवेगळे न ठेवता साखळीत ठेवा, म्हणजे प्रत्येक सहगुणकाला आधीच्या सहगुणकाने भागून मिळणारे गुणोत्तर त्या त्या टप्प्यावर गुणा. चौथ्या क्रमासाठी ही गुणोत्तरे साधारण ०.५०, ०.२१३४, ०.१०९७ आणि ०.०४८३ येतात. शेवटचे गुणोत्तर आता सुमारे १५८४ पायऱ्यांचे होते आणि पूर्णांकनातली चूक नगण्य राहते.

१०. फ्रेममधली वाट सावकाश चाला आणि मग ऐका

दर ८० सॅम्पलना सहगुणक एकदम बदलले तर प्रत्येक सांध्यावर टकटक ऐकू येते. दोन फ्रेमच्या ब सहगुणकांमध्ये सरळ रेषेत मधल्या किमती काढा, ब(०) सुद्धा तसाच, म्हणजे लॉगरिदमच्याच रूपात. यात एक मोठा दिलासा आहे : दोन्ही टोकांच्या फ्रेम हद्दीत असतील तर मधला प्रत्येक बिंदूही हद्दीतच राहतो, कारण दोन संमिश्र संख्यांच्या अशा मिश्रणाचे केवल मूल्य त्यांतल्या मोठ्यापेक्षा मोठे होऊ शकत नाही. मधल्या किमतींसाठी वेगळी तपासणी लागत नाही.

ऐकण्यासाठी वाक्ये आपल्या भागातली, रोजची निवडा, म्हणजे चुकीचा उच्चार लगेच खटकतो. मी ही चार वापरतो : "मोंढ्यात आज हळदीची आवक वाढली." "लातूरची गाडी परभणीला थांबणार नाही." "आजोबांनी आणलेली बाजरी जात्यावर दळली." "नांदेड, हिंगोली, जालना आणि बीडला पाऊस झाला." पहिल्यात 'ळ' आणि 'ढ', दुसऱ्यात लांब 'आ' आणि 'ण', तिसऱ्यात 'आजोबा' मधला दंत्य 'ज', चौथ्यात अनुनासिके आहेत. प्रत्येक वाक्य चौथ्या क्रमाने, पाचव्या क्रमाने आणि एफ निम्मा करून दोनदा, अशा तीन प्रकारे तयार करा आणि कोणते कोणते आहे हे न सांगता दुसऱ्याला ऐकवा. तिन्हींत फरक ओळखता आला नाही तर चौथा क्रम पुरेसा आहे. ओळखता आला तर ज्या शब्दावर बोट ठेवले गेले त्याच्या फ्रेम काढा आणि पाचव्या पायरीचा आकडा पुन्हा पाहा.

माझ्या आवाजात गुणगुण गाळली, पोस्ट-फिल्टर थोडा उतरवला आणि ब(१) वेगळा काढला, तेव्हा दोन भागांपैकी मोठ्याचा कमाल आकडा ३.९ वर आला. चौथा क्रमच ठेवला. आत्याने 'आजोबांनी आणलेली' हे वाक्य तीनदा लावायला सांगितले, आणि मग म्हणाली, "आता पेपर लाव."